टाच टेकेना

श्रोतेहो, नमस्कार. मागच्या लग्नसराईत भाचीचं लग्न झालं, गंगापूर रोडच्या एका लॉनवर. रिसेप्शनला नवरीच्या पायात चार इंची पेन्सिल हील. पावलागणिक टाच हिरवळीत रुतायची, नवरदेव ओढून काढायचा. पण पोरगी हूं की चूं नाही. नोकरीपायी सहा वर्षं रोज हेच घालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडी काळारामाच्या दर्शनाला. बाहेर सँडल काढली आणि ही चवड्यांवर चालायला लागली. माझी आई म्हणाली, “फरशी तापलीय का गं?” ऐन थंडी, नाशिकची थंडी, सकाळचे आठ! देवळाच्या चौदा पायऱ्या चढली झरझर. उतरताना मात्र कठडा धरून, एकेक. म्हणाली, “मावशी, सँडल घातली की काही नाही, काढली की पोटऱ्या ओढतात.”

त्या चौदा पायऱ्या रामाच्या वनवासाच्या, असं सांगतात. आई म्हणाली, “तुझा वनवास चपला काढल्यावर सुरू होतो म्हणायचा!”

तर गोम इथे आहे. टाच सतत उंचावर राहिली की पोटरी आखूड होते. पुन्हा सांगते, पोटरी आखूड होते, आणि टाचेमागची शीर जाड, ताठर. 2010 मध्ये संशोधकांनी मोजलं. निदान दोन वर्षं, दोन इंचांच्या वरची टाच नेमानं घालणाऱ्या बायकांच्या पोटरीचे तंतू इतरांपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त आखूड निघाले. शिवाय सगळा भार चवड्यावर येतो, अंगठा निमुळत्या टोकात दबून वाकडा होतो, गुडघ्यावर ताण पडतो.

म्हणून सवय असलेल्यांनी एकदम सपाट चपलेवर येऊ नका. एकदम नको. टाच हळूहळू कमी करा. आणि पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठडा धरून, टाचा सावकाश खाली सोडा, अर्धा मिनिट.

भाची रोज करते. परवा फोनवर सांगत होती, सासूबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “जिन्यात उभी राहून कुणाची वाट बघतेस गं?”