आमच्या तीस कंपन्या, तुमची एकच

(संक्रांतीच्या मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी, तिळगुळ घ्या गोड बोला. मी स्टार्टअप कंपन्यांत पैसा घालणाऱ्या फंडात, म्हणजे व्हेंचर कॅपिटलमध्ये आहे. कमिटीने मला स्टार्टअप आणि करिअर एवढाच विषय दिलाय, त्यामुळे जे मनात साठलंय तेच बोलते.

दिवाळीच्या आधी ओळखीतला एक मुलगा रविवारी सकाळी आमच्याकडे सनीव्हेलला आला. मोठ्या कंपनीत चांगली नोकरी, बायकोला सहावा महिना, आणि एका स्टार्टअपची ऑफर आलेली. पोह्यांची डिश बाजूला सरकवून त्याने लेटर टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, काकू, चाळीस हजार ऑप्शन्स देतायत! ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचा शेअर पुढे विकत घ्यायचा हक्क. मी विचारलं, कंपनीचे एकूण शेअर्स किती? ते त्याला माहीतच नव्हतं. एकूण १ कोटी असतील तर ४०,००० म्हणजे ०.४ टक्के, आणि १० कोटी असतील तर ०.०४. नुसत्या ४०,००० ला काहीच अर्थ नाही.

आता आमचा धंदा कसा चालतो ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फंड साधारण १० वर्षांचा असतो, पैसा बहुतेक दुसऱ्यांचा, म्हणजे पेन्शन फंड, युनिव्हर्सिट्यांचे एंडोमेंट (देणग्यांतून साठवलेला निधी) वगैरे. तो आम्ही पंचवीस-तीस कंपन्यांत घालतो, आणि घालतानाच माहीत असतं की यातल्या बऱ्याच बुडणार, एकदोन मोठ्या झाल्या तर बाकीच्यांचं भरून निघणार. हे पहिल्यापासून असंच आहे, १९५७ साली बोस्टनच्या जॉर्ज डोरिओंच्या फर्मने डिजिटल इक्विपमेंट या कॉम्प्युटर कंपनीमध्ये ७०,००० डॉलर घातले आणि त्या एका कंपनीपुढे त्यांची बाकीची सगळी गुंतवणूक फिकी पडली. म्हणून आम्ही प्रत्येक फाउंडरला जोरात पळ म्हणतो, पडलास तर आमच्याकडे अजून एकोणतीस आहेत. तुमच्याकडे मात्र एकच असते, आणि तिच्यात तुमची चार वर्षं जातात.

माझंच सांगते. या बाजूला यायच्या आधी मी एका स्टार्टअपमध्ये इंजिनिअर होते. नोकरी सोडल्यावर ऑप्शन्स विकत घ्यायला बहुतेक ठिकाणी ९० दिवस मिळतात, तसे मलाही मिळाले, आणि घराच्या डाउनपेमेंटसाठी साठवलेले पैसे मी त्यात घातले. दीड वर्षाने कंपनी विकली गेल्याची बातमी आली, पुण्याहून आईचा फोन, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि माझ्या हातात एक डॉलर आला नाही. कारण गुंतवणूकदारांनी जेवढे घातले होते त्याहून कमी किमतीत ती विकली गेली, आणि त्यांचे पैसे आधी परत द्यायचे असं करारात लिहिलेलं होतं. याला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात, आज मीही प्रत्येक करारात तेच मागते. कुणी फसवलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. त्या पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

म्हणून सांगते, जॉइन व्हायच्या आधी आम्ही विचारतो तेच विचारा. एकूण शेअर्स किती, आत्तापर्यंत किती पैसा उचलला, प्रेफरन्स किती, महिन्याचा खर्च किती आणि बँकेतला पैसा किती महिने पुरेल. एच-वन-बी व्हिसावाल्यांनी तर शेवटचा प्रश्न सोडूच नये, नोकरी गेली की दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. चांगला फाउंडर अशा प्रश्नांनी चिडत नाही, लॅपटॉप फिरवून एक्सेल दाखवतो.

आणि जे स्वतः कंपनी काढताय त्यांना एक कळकळीने सांगते. आपल्याकडे मित्रामित्रांत कागद करायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. कॉलेजपासूनचे दोघं माझ्याकडे आले होते, प्रॉडक्ट सुंदर, पण निम्मे-निम्मे शेअर्स पहिल्याच दिवशी वाटून मोकळे, व्हेस्टिंग नाही, म्हणजे काम करत राहाल तसे शेअर्स हळूहळू हक्काचे होतील अशी अट नाही. आठ महिन्यांत एकजण सोडून गेला आणि अर्धी कंपनी त्याच्याकडेच राहिली. मागे राहिलेला दिवसाला चौदा तास राबत होता, तरी मी पैसे घालू शकले नाही, दुसऱ्या कुणीही घातले नाहीत. चार वर्षांचं व्हेस्टिंग आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ (वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळत नाही) मैत्री चांगली असतानाच लिहून घ्या, आणि एटी-थ्री-बी चा फॉर्म, म्हणजे शेअर्सवरचा कर आत्ताच्या किमतीवर धरा असं सांगणारा, शेअर्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याला पाठवा, त्याला मुदतवाढ मिळत नाही.

त्या मुलाने फाउंडरला ईमेल केली, त्याच रात्री उत्तर आलं, पैसा सात महिन्यांचा होता. पुढचा राउंड झाला, म्हणजे गुंतवणूकदारांकडून नवा पैसा आला, की येतो असं त्याने कळवलंय, आणि फाउंडर थांबायला तयार आहे.

ज्यांच्याकडे सध्या ऑफर आहे त्यांनी जेवणानंतर मला गाठा, मी स्टेजच्या उजवीकडच्या टेबलावर आहे. लेटर फोनवर असलं तरी चालेल, आपण बसून आकडे बघू.