कूलंटमध्ये तेल : हेड गॅस्केटच्या आधी काय तपासाल?

श्रोतेहो, नमस्कार.

बॉनेट उघडलं, कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीत डोकावलं आणि हिरव्या किंवा गुलाबी पाण्यावर दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाची साय दिसली, की पहिला निकाल ठरलेला असतो : "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली, तेल, पाणी आणि वायू वेगळे ठेवणारी पातळ पट्टी. माझं म्हणणं एवढंच, की इंजिन सगळ्यात शेवटी खोला.

आधी ते तेलच आहे ना, याची खात्री करा. न जुळणारी दोन कूलंट एकत्र झाली तरी कधीकधी चिकट गाळ धरतो, गंजानेही पाणी तपकिरी होतं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या; गरम असताना झाकणाला हात लावलात तर उकळतं पाणी अंगावर उडेल. मग ती साय चमचाभर घेऊन कोमट पाण्याच्या पारदर्शक बाटलीत हलवा आणि बाटली स्थिर ठेवा. गंज तळाला बसतो, तेल वर तवंग धरतं. एक थेंब कागदावर टाकून वाळवा. तेल असेल तर पाणी वाळल्यावरही उजेडात धरलं की आरपार दिसणारा डाग राहतो.

आता दाबाची गोष्ट. चालत्या इंजिनात तेलाचा दाब साधारण 2 ते 5 बार असतो, कूलंटचा 1 ते 1.5 बारच्या आसपास. दोघांमधली भिंत फुटली, की तेल कूलंटमध्ये घुसतं. गाडी बंद केली की तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो, गरम कूलंटचा मात्र काही वेळ टिकतो, आणि तेव्हा उलटा प्रवास होऊ शकतो. म्हणून डिपस्टिकवरचं, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरचं, तेल स्वच्छ आहे, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. उलट, ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला तर घाबरूही नका. थंडीत गाडी जेमतेम थोडंच अंतर चालत असेल तर नुसत्या दमटपणानेही तो येतो.

ही भिंत सगळ्यात पातळ कुठे असते? ऑइल कूलरमध्ये. बऱ्याच गाड्यांत ऑइल फिल्टरजवळ पातळ पत्र्यांची ही चवड असते. एका फटीतून तेल, शेजारच्या फटीतून कूलंट. तो काढा, तेलाच्या वाटेची एक बाजू बंद करा, दुसरीतून बेताच्या दाबाची हवा सोडा आणि कूलर पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर चोर सापडला. थंड कूलरमध्ये बारीक चीर कधीकधी मिटलेली असते, म्हणून पाणी गरम घेतलेलं बरं.

ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक संशयित असतो. गिअरबॉक्सचं लालसर तेल अनेकदा रेडिएटरच्या पोटातल्या कूलरमधून फिरतं. साय गुलाबी असेल तर तिकडे पाहा, आणि गाडी चालवू नका, टो करून न्या. कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलं तर क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटतं आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

हेड गॅस्केट गेलं असेल तर बहुधा तेलासोबत दुसऱ्या खुणाही दिसतात. थंड इंजिन सुरू करताच टाकीत बुडबुडे, मिनिटभरात दगडासारखे कडक होणारे होज पाइप, सायलेन्सरमधून न थांबणारी पांढरी वाफ. पेट्रोल गाडीत टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणी करतात. ज्वलनाचा वायू येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. यातलं काहीच नसेल तर आधी कूलरवर लक्ष द्या. मात्र गॅस्केट फक्त तेलाच्या आणि पाण्याच्या वाटेमध्येच फाटलं असेल तर ही चाचणीही स्वच्छ येते. कूलर निर्दोष निघाला, तर मग इंजिन खोलायला हरकत नाही.

दुरुस्तीनंतरचा धुण्याचा त्रास कोणी सांगत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडझाप करणारी झडप, काढून, कमी फेसाच्या डिटर्जंटने, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. हीटरची वाट उघडी ठेवा, तिथे तेल दडून बसतं. तेल प्यायलेले होज फुगतात, मऊ पडतात. दाबून पाहा आणि बदला. नंतरही टाकीत थोडा तवंग येत राहतो. लगेच दुरुस्ती फसली असं समजू नका. दर वेळी टाकी पुसून घ्या आणि थर वाढतोय की घटतोय तेवढं बघा.