छातीत दुखलं की आधी ईसीजी

मंडळी, छातीत दुखायला लागलं की आपल्या सीमाभागात पहिला उपाय ठरलेला: ‘ग्यास झालाय, सोडा घे.’ माणूस तरणा असला तर ‘टेन्शन घेतलंस.’ दोन्ही खरं असू शकतं. पण ते घरात बसून ठरवता येत नाही, आणि आज मला तेवढंच पटवून द्यायचं आहे.

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, एकदम चढतो. साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात उतरतो. कधी झोपेतूनही उठवतो. माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटं ताठ होऊन अंगठा तळहाताकडे ओढला जातो. घरच्यांना वाटतं, लकवा मारला. दुखणं टोचल्यासारखं असतं आणि रुग्ण नेमक्या जागेवर बोट ठेवतो.

हार्ट अटॅकचा माणूस बहुधा बोट ठेवत नाही. अख्खी मूठ किंवा पंजा छातीवर दाबून म्हणतो, ‘इथं दगड ठेवल्यासारखं वाटतंय.’ हा दाब हातात, जबड्यात, पाठीत उतरतो, थंड घाम फुटतो, आणि पंधरा-वीस मिनिटं बसूनही ओसरत नाही.

तरी या खुणांवर भिस्त नको. मधुमेही, वयस्क माणसं आणि बायका यांना कधी नुसती धाप, मळमळ, गळाठा एवढंच होतं. शिवाय हार्ट अटॅक आलेला माणूसही घाबरतोच. म्हणून पहिल्यांदाच असं झालं, तर ते हृदयाचंच धरून चालायचं.

108 लावा. गावाचं नाव आणि जवळची खूण सांगा. पलीकडचा कन्नड बोलत असेल तर ‘एदे नोवु’, म्हणजे छातीत दुखतंय, एवढे दोन शब्द पुरतात. रुग्णाला मोटारसायकलवर बसवू नका, चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, पोटात रक्तस्राव झालेला नसेल, तर 75 मिलिग्रामच्या चार गोळ्या चावून खायला द्या. नुसत्या गिळल्या तर असर उशिरा होतो. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट, म्हणजे जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी, मात्र नको, रक्तदाब एकदम खाली येतो.

खानापूरसारख्या तालुका रुग्णालयांसाठी कर्नाटक सरकारची पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजना आहे. तीत ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं महागडं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत मिळतं. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. तिथं राज्याची हद्द पाहायची नाही, कॅथलॅब, म्हणजे हृदयाची बंद नस उघडायची सोय, कुठली लवकर गाठता येते ते पाहायचं.

आणि एक. पहिला ईसीजी साधा आला म्हणून लगेच घरी निघू नका. हृदयाला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, म्हणून तपासणी पुन्हा करतात.

सगळं नीट निघालं, तरच ‘पॅनिक’ हे नाव लावायचं. ‘काही नाही, मनाचं आहे’ म्हणून त्या माणसाला हिणवू नका. त्याचा त्रास खरा असतो आणि उपचारानं बरा होतो. झटका आला की चार मोजत नाकानं श्वास आत, सहा मोजत बाहेर. तोंडावर पिशवी धरून तीत श्वास घ्यायला लावणं पूर्ण बंद करा. निदान झालेल्या माणसाला पुढं कधी नेहमीपेक्षा वेगळं दुखलं, तर पुन्हा ईसीजी काढायचा.