आखाजीची साखर मिळायची ती इमारत

(दृश्य : पहाट. बंद शटरांची रांग. वर सिमेंटात काढलेली अक्षरं, धूसर केलेली.)

तापीच्या खोऱ्यातलं हे एक तालुक्याचं गाव. इथलं सहकारी ग्राहक भांडार अवसायनात आहे, म्हणजे ते गुंडाळण्याचं काम चालू आहे, जागेचा दावाही चालू आहे, म्हणून गावाचं नाव घेत नाही आणि दर्शनी भिंतीवरची अक्षरंही झाकली आहेत. गावात मात्र नुसतं 'भांडार' म्हणा, रिक्षावाला इथेच आणून सोडतो. भांडार बंद पडून वीस वर्षं उलटली, थांब्याचं नाव बदललेलं नाही.

(दृश्य : आतलं दालन. शहाबादी फरशी. कॅमेरा जिन्यावरून वर.)

खाली धान्य, किराणा, तेल-साबण. वर कापड, भांडी, वह्या-पुस्तकं. पेठेत प्रत्येक जिनसेला वेगळं दुकान आणि प्रत्येक दुकानात वेगळी घासाघीस. इथे सगळं एका छपराखाली, आणि पैसे दाराजवळच्या या एकाच खिडकीत भरायचे. खिडकीची लाकडी चौकट पाहा. खालची कड मधोमध झिजून खोलगट झाली आहे. नाणी सरकवून, पावत्या ओढून लाकूड एवढं झिजलं.

(दृश्य : जुनी पावतीपुस्तकं, कार्बन कागद.)

सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, पण तो फक्त पतसंस्थांपुरता होता. ग्राहकांच्या संस्थांना वाट मिळाली ती १९१२ च्या कायद्याने. तरी खरा जोर आला चीनच्या युद्धानंतर. भाव चढायला लागले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्र सरकारने शहरोशहरी ग्राहक भांडारं उभी करण्याची योजना आणली. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांवर गेला. त्याच वर्षी दिल्लीत सुपर बाजार हे सहकारी दुकान सुरू झालं. मोठ्या शहरांत जे होतं ते आपल्याकडे का नको, असं तालुक्याच्या गावांनाही वाटलं.

इथल्या लोकांनी दहा-दहा रुपयांचे भाग, म्हणजे शेअर, घेतले. शिक्षकांनी घेतले, हमालांनी घेतले, एसटीच्या वाहकांनी घेतले. एका सभासदाला एकच मत, मग भाग कितीही असोत. वर्षाअखेरीस नफा उरला तर खरेदीच्या प्रमाणात सभासदाला परतावा. या भिंती त्या दहा-दहा रुपयांच्या आहेत. सरकारी कर्ज होतं, सरकारी भागभांडवलही होतं, पण पहिली वीट सभासदांची.

(दृश्य : भावफलक, जवळून. ऑइलपेंटची अक्षरं.)

हा भावफलक. डाव्या बाजूला जिनसांची नावं ऑइलपेंटने कायमची रंगवलेली : गहू, दादर (म्हणजे ज्वारी), तूरडाळ, साखर, गूळ, वनस्पती. उजवीकडचा रकाना खडूचा, कारण भाव रोज पुसायचे. वनस्पती तुपाचे डबे फार लांबून येत नसत. १९४५ साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाचा कारखाना निघाला होता. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली.

(दृश्य : आप्पा, तराजूच्या जुन्या कड्याखाली उभे.)

आप्पा इथे काट्यावर होते. तोलणं म्हणजे नुसतं माप टाकणं नाही, हे ते हाताने दाखवतात. पारडं आधी रिकामं झुलवायचं, काटा मध्यावर आला की गिऱ्हाइकाला दाखवायचा, मग माल टाकायचा. शेवटची मूठ वरून, सावकाश. गिऱ्हाइकाची नजर काट्यावर, आप्पांची गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठ दिवस रांग पार चौकापर्यंत जायची. लेकी माहेरी यायच्या, घरोघरी सांजोऱ्या, खापरावरच्या पुरणपोळ्या. साखरेचा ट्रक आला की नाही, हे विचारायला बाया सकाळपासून दारात. "साखर उनी का, आप्पा?" हा प्रश्न दिवसातून शंभरदा ऐकला, असं आप्पा सांगतात आणि पुढे काही बोलत नाहीत.

(दृश्य : पाच सेकंद, फक्त आप्पांचा चेहरा. निवेदन नाही.)

भांडाराचा नियम रोखीचा. सहकारी दुकानाचं ते जुनं तत्त्व, आणि ते बरोबरच होतं. पण खान्देशात घर चालतं कापसावर. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली, कापूस सरकारला घालायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे. मधल्या महिन्यांत पेठेतला दुकानदार वहीत लिहून माल द्यायचा. भांडाराला ते जमण्यासारखं नव्हतं. मग जून १९९७ मध्ये रेशनची व्यवस्था गरीब आणि बाकीचे अशी विभागली, १९९९ मध्ये पिवळी, केशरी, पांढरी कार्डं आली. स्वस्त धान्य गरिबांपुरतं राहिलं, त्यासाठी इथे येणारं पगारदार गिऱ्हाईक गेलं, आणि भांडार त्याच्याच भरवशावर होतं. संस्था अवसायनात निघाली, सभासदांचे भाग अडकले, नोकरांची देणी राहिली.

(दृश्य : चौक. मोबाइलची दुकानं, बी-बियाण्यांचे फलक.)

आज दर्शनी गाळ्यांत मोबाइल दुरुस्ती, बियाणं, एक झेरॉक्सवाला. मागच्या गोदामाला सील आहे, तिथे आम्हाला जाता आलं नाही. शेजारच्या तालुक्यातलं असंच भांडार आता मंगल कार्यालय आहे. जळगावात स्टेशनजवळ खान्देश मिलच्या जागेवर मॉल आला. तिथेही एका छपराखाली सगळं मिळतं, पण तिथे सभासद कोणी नाही, फक्त गिऱ्हाईक.

(दृश्य : वरचा मजला. टेबलांच्या रांगा, ट्यूबलाइट.)

कापड विभागात मात्र अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली पहाटे पाचपासून येतात. खेड्यावरून सायकलने येणाऱ्या मुलीला महिन्याला परवडेल अशी शांत जागा या गावात दुसरी नाही. जागेचा लिलाव होईल तेव्हा होईल. सभासदांच्या पैशांतून उभा राहिलेला हा एक मजला तरी त्यांच्या नातवंडांसाठी राखला जावा, हे आमचं मागणं आहे आणि ते आम्ही उघडपणे मांडतो आहोत.

किल्ल्या आप्पांकडेच आहेत. भावफलक त्यांनी खालून वर आणून लावला. टेबलांच्या सहा रांगा, फलकावर सहा जिनसा. कोणत्या रांगेत किती जागा रिकाम्या, ते आप्पा रोज पहाटे खडूने लिहितात.

(दृश्य : फलक. आप्पांचा हात, खडू.)

आज गव्हापुढे ४. दादरपुढे शून्य. साखरेपुढे २.