'दररोज' हा शब्द फक्त लूकने लिहिलाय

सलाम सगळ्यांना. पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो मी दुकानदार माणूस, वायर आणि होल्डर विकतो, मी कसलं व्याख्यान देणार. तर ते म्हणाले म्हणूनच तुम्हाला सांगतोय, रविवारचं आम्ही बोलतोच, तुम्ही सोमवारचं बोला. तर सोमवारचं बोलतो, आणि थोडक्यात बोलतो कारण मागे मसालेभाताचा वास सुटलाय आणि तरुण संघाचं अर्धं लक्ष तिकडेच आहे, मला दिसतंय.

येशूचं वचन सगळ्यांना पाठ आहे. माझ्यामागे यायचं तर आत्मत्याग करावा, आपला वधस्तंभ उचलावा आणि मला अनुसरावं. तीन शुभवर्तमानांत आहे, मत्तय १६ मध्ये, मार्क ८ मध्ये, लूक ९ मध्ये. पण तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा, 'दररोज' हा शब्द फक्त लूकमध्ये आहे, तेविसावी ओवी. मी पन्नाशीला आलो तोवर माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. आणि लक्षात आल्यावर घोळच झाला, कारण रोमी राज्यात वधस्तंभ उचलून निघालेला माणूस संध्याकाळी घरी परत येत नसे, एकदा गेला की गेला. मग तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कसा उचलणार? मला वाटतं लूकला हेच म्हणायचं असावं, की एकदाच मोठं काहीतरी करून मोकळं होता येत नाही, रोज थोडं थोडं मरावं लागतं, आज माझा शब्द खाली पडू द्यायचा, उद्या दोनशे रुपये जाऊ द्यायचे, असं.

आपल्याकडे वधस्तंभ शब्द फार स्वस्त झालाय. गुडघा दुखतो, म्हणे माझा वधस्तंभ. सासू, म्हणे माझा वधस्तंभ. (हसू नका, तुमच्या सुना पण तेच म्हणतात.) अहो गुडघा तुम्ही उचलला नाही, तो आपोआप दुखायला लागला. जे टाळता आलं असतं आणि तरी उचललं, त्याबद्दल येशू बोलतोय.

दुसरा शब्द शिष्य. नव्या करारात 'ख्रिस्ती' हा शब्द फक्त तीनदा येतो, आणि पहिल्यांदा येतो तो अंत्युखिया शहराच्या गोष्टीत, तिथे लिहिलंय की शिष्यांना ख्रिस्ती हे नाव मिळालं. म्हणजे आधी शिष्य, नाव नंतर. आपलं उलटं झालंय, नाव दाखल्यावर आधीच आहे. आणि शिष्य म्हटलं की आपल्याला डोळे मिटून बसलेला कोणीतरी दिसतो, पण मला विचाराल तर शिष्य म्हणजे वायरमनच्या हाताखालचा हेल्पर. त्या पोराला कोणी भाषण देत नाही, तो शिडी धरतो, पक्कड देतो, दहा वेळा चुकीचं जोडतो, शिव्या खातो, आणि वर्षभरात त्याचा हात उस्तादासारखा चालायला लागतो. येशू स्वतः सुतार, प्रेषित पौल तंबू शिवायचा, करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून त्यांच्याबरोबर काम करायचा. ही हातकाम करणारी माणसं होती, हे आपण विसरतो.

आता आपल्या नगरचंच उदाहरण देतो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये. मधली पाच वर्षं काय चाललं होतं? आधी दोघं वेगळी राहिली, मग बाई नवऱ्याकडे आल्या पण चूल वेगळी, सोवळं वेगळं. आणि त्यांनी जे सोडलं ते आधी स्वयंपाकघरात सोडलं. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, एवढं त्यांना पटलं आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर. म्हणजे बाई शिष्य झाल्या त्या पाण्याच्या तांब्यापाशी, चर्चमध्ये नंतर गेल्या. पुढे प्लेगमध्ये लोक रोग्यांपासून लांब पळत होते तेव्हा ही दोघं रोग्यांची सेवा करत होती.

आणि आपण? सव्वाशे वर्षं झाली. मुलीला स्थळ आलं की पहिला प्रश्न, मंडळी कुठली, म्हणजे चर्च कुठलं. दुसरा प्रश्न हळू आवाजात, मूळचे कोणते. आता कोणी मान खाली घालू नका, मी पण विचारलाय, माझ्या पुतणीच्या वेळेला, आणि विचारताना मला काही वेगळं वाटलं सुद्धा नाही.

असो. आता माझ्या दुकानाची गोष्ट, ती सांगायलाच आलोय. सुट्टी वायर आम्ही काउंटरवर मोजून देतो, दोन खुणा असतात, एक मीटर. काही वर्षांपूर्वी सनमायका बदलला तेव्हा मिस्त्रीने नवीन पितळी चुका ठोकल्या. बारीक खिळ्याला आपण चूक म्हणतो ना, त्या. मे महिन्यात मुलगी दुकानात बसली होती, हातात नवीन टेप, जे दिसेल ते मोजत होती, आणि म्हणाली पप्पा हे शंभर नाहीये, साडेअठ्ठ्याण्णव आहे. मी म्हटलं चल, गिऱ्हाईक उभं आहे.

दीड सेंटीमीटर. वीस मीटर वायर घेतली तर एक फूट कमी. गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि मुद्दाम केलेलं नाही हे मी स्वतःला आठ दिवस सांगत होतो. त्या आठ दिवसांत मी वायर विकली, आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत प्रार्थना पण चालवली, चांगली झाली असं लोक म्हणाले.

नंतरच्या रविवारी शब्बाथ शाळेत माझी पाळी, धडा जक्कयाचा, येशूला बघायला झाडावर चढलेल्या त्या श्रीमंत जकातदाराचा. पुन्हा लूकच बघा. पोरांना उंबराच्या झाडापर्यंतच इंटरेस्ट असतो, मी पुढे वाचत होतो, कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो. जुन्या करारातल्या नियमशास्त्रात फसवणुकीचा दंड काय आहे बघा, लेवीय ६, मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, बस. चौपट कोणाला? निर्गम २२, मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. म्हणजे जक्कयाने सोपं कलम सोडून स्वतःला चोराचं कलम लावलं, आणि येशूने तर त्याला मागितलं पण नव्हतं, तो फक्त त्याच्या घरी उतरायला आला होता.

सोमवारी चुका उपटल्या, टेप लावून नव्या ठोकल्या. उधारीच्या वहीत वायरमन लोकांची नावं होती, त्यांचा हिशेब काढून पैसे दिले, एकाला वाटलं माझी काहीतरी नवीन स्कीम आहे, तो घेईचना. पण रोखीचं गिऱ्हाईक, त्याचं नाव ना गाव, त्याला कुठे शोधणार? बायको म्हणाली दानपेटीत टाका. टाकले काही, पण मन भरलं नाही, कारण पेटीत टाकलं की सगळे वा वा करतात.

मग मी एक केलं. दीडचे चौपट सहा, म्हणजे साधारण तीन-चार बोटं. आता वायर मोजताना प्रत्येक मीटरला तेवढी सोडून कापतो, बोलत नाही काही. महिन्याला नुकसान होतं, खोटं कशाला बोलू, आणि बाजार मंदा असला की कधी कधी बोटं तीनची दोन होतात, हे पण खरं आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी एक जुना वायरमन आला, वायर गुंडाळता गुंडाळता थांबला, हाताने परत मापली, आणि म्हणाला शेठ, तुमचा मीटर मोठा झालाय का?

मी म्हटलं, आधी लहान होता.