शेवट माहीत असूनही

श्रोतेहो, नमस्कार.

भयपट म्हटलं की भीती, विनोदी चित्रपट म्हटलं की हसू. पण चित्रपटाच्या नावाखाली 'ड्रामा' एवढंच लिहिलेलं असेल, तर आत काय वाढून ठेवलंय याचा पत्ता लागत नाही. कारण ड्रामा हे एक मोठं गाठोडं आहे. कौटुंबिक, सामाजिक, न्यायालयीन, वैद्यकीय, चरित्रपट, मेलोड्रामा, सगळं त्यात बांधलेलं. आणि यातल्या प्रत्येकाचे संकेत वेगळे.

संकेत म्हणजे काय, हे रंगभूमीवर चटकन कळतं. नट दोन पावलं पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो आणि शेजारच्या पात्राला ते ऐकू आलेलं नाही, हे आपण बिनतक्रार मान्य करतो. चित्रपटातही असे अलिखित करार असतात. त्यांना 'साचा' म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र संकेतांविषयी मनापासून आदर आहे, आणि तो का, हेच आज सांगायचंय.

न्यायालयीन नाट्य घ्या. यातले संकेत कुणीही झोपेतून उठून सांगेल. एक निष्पाप आरोपी, एक हरत आलेला वकील, ऐन वेळी सापडलेला साक्षीदार, उलटतपासणीत कोसळणारा खोटारडा आणि शेवटी निकाल. आता 1957 सालचा सिडनी लुमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आठवा. बासू चटर्जींनी केलेला त्याचा हिंदी अवतार 'एक रुका हुआ फैसला' अनेकांनी पाहिला असेल. खुनाचा खटला संपलाय आणि ज्यूरीची, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारी, 12 साधी माणसं एका खोलीत बसली आहेत. पहिल्या मतदानात 11 जण म्हणतात दोषी, एक जण म्हणतो नाही. हा एकटा माणूस जिंकणार, हे आपल्याला तिथेच कळतं. तरीही दीड तास आपण जागचे हलत नाही.

याचं एक कारण कॅमेऱ्यात आहे. लुमेट यांनी सुरुवातीचा भाग नजरेच्या पातळीच्या वरून टिपला, मधला नजरेच्या पातळीवरून आणि शेवटचा खालून. खालून पाहिल्यामुळे छत दिसू लागतं. शिवाय वेळ जाईल तशी अधिकाधिक लांब पल्ल्याची भिंगं वापरली, त्यामुळे मागच्या भिंती माणसांच्या पाठीला येऊन चिकटल्यासारख्या वाटतात. खोली तेवढीच राहते, श्वास कोंडतो आपला. सगळे बाहेर पडतात तेव्हा मात्र भिंग रुंद होतं आणि मोकळी हवा लागते. निकालाचा अंदाज आपल्याला होता, म्हणूनच आपली नजर माणसांच्या घामाकडे, चिडचिडीकडे, मनातल्या जुन्या जखमांकडे वळली. संकेत हे काम करतो. 'काय होणार' याचं ओझं तो आपल्या डोक्यावरून उतरवतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 2014 सालच्या 'कोर्ट'नं याच्या उलट वाट धरली. कॅमेरा दूर, स्थिर. गर्जणारी भाषणं नाहीत. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं एका सुरात वाचत जातात, आणि मग कॅमेरा त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी जातो, स्वयंपाक करताना त्यांना बघत राहतो. सुट्टी लागते तेव्हा कोर्टाच्या खोलीतले दिवे विझतात आणि पडद्यावर अंधार रेंगाळतो. आपण निकालाची वाट बघत होतो. ती वाट बघायची सवय संकेतांनीच लावलेली. ती सवय नसती, तर तो अंधार इतका खुपला असता का?

चरित्रपटाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यातला मोठा भाग मला कंटाळवाणा वाटतो. जन्म, हालअपेष्टा, यश, पडझड, सन्मान: सगळं आयुष्य दोन-अडीच तासांत कोंबायचं. आयुष्याचा एकच तुकडा उचलणारे चरित्रपट मला जास्त खरे वाटतात. परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट घडण्याचाच काळ घेतला, आणि तेवढ्यात माणूस पुरता दिसला.

मेलोड्रामावर मात्र फार अन्याय झालाय. 'मेलोड्रामॅटिक' ही आता शिवीच झाली आहे. या शब्दातला 'मेलोस' ग्रीक आहे, अर्थ गाणं. संगीताच्या आधारानं चालणारं नाट्य, असं त्याचं मूळ. योगायोग, उशिरा पोचलेलं पत्र, भरून येणारं पार्श्वसंगीत हे त्याचे संकेत. त्यामागचं कारण साधं आहे: ज्या घरात मनातलं बोलायची मुभा नसते, तिथे वस्तू बोलतात, संगीत बोलतं. डग्लस सर्क यांच्या 1955 सालच्या 'ऑल दॅट हेवन अलाउज'मध्ये एका विधवेचं बागकाम करणाऱ्या तरुणावर प्रेम बसतं. मुलं विरोध करतात, आणि एकटेपणावर उतारा म्हणून आईला टीव्ही भेट देतात. त्या बंद टीव्हीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसतो. ती काही बोलत नाही. चौकटीत अडकलेला तो चेहरा बघताना माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो.

राहिलं आजारपणाचं नाट्य. शस्त्रक्रियागृहाबाहेरचा लाल दिवा, येरझारा घालणारे नातेवाईक, मान खाली घालून बाहेर येणारे डॉक्टर. संदीप सावंत यांच्या 'श्वास'नं हा ताण बाजूला ठेवला. शस्त्रक्रियेनं नातवाचा जीव वाचेल आणि दृष्टी जाईल, हे आजोबांना कळलेलं असतं. मग प्रश्न उरतो तो असा, की डोळे जाण्याआधी या पोराला काय काय दाखवायचं?

अकिरा कुरोसावांचा 1952 सालचा 'इकिरू' तर सुरूच होतो पोटाच्या एक्स-रेनं. निवेदक सांगतो, याला कर्करोग आहे, पण त्याला अजून माहीत नाही. वर्षानुवर्षं कागदांवर शिक्के मारणारा हा कारकुनी साहेब मुलांसाठी एक बाग उभारायच्या मागे लागतो. नायकाचा मृत्यू शेवटी, हा संकेत. कुरोसावा त्याला आधीच निरोप देतात, आणि उरलेला बराचसा चित्रपट त्याच्या फोटोसमोर बसलेल्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातून उलगडतो. श्रेय कुणाचं, यावर वाद चाललेला असतो. मग एक पोलीस येतो आणि त्या रात्री बागेत काय पाहिलं ते सांगतो: बर्फ पडतंय, म्हातारा झोपाळ्यावर बसलाय, आणि हलक्या आवाजात गातोय.

नमस्कार.