मॅसीच्या पोटाखालची पाटी

(पत्र्याची शेड. सकाळचं तिरपं ऊन. पत्र्यावर थेंब पडल्याचा आवाज.)

टप्. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा टप्.

हा मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर. बॉनेटचा लाल रंग उन्हानं विटून गुलाबी झालाय. पोटाखाली, गळणाऱ्या तेलाचे थेंब झेलायला, एक चेपलेली पाटी आहे. ती कुणी, कधी ठेवली ते घरात कुणालाच आठवत नाही. पण ट्रॅक्टर जिथं उभा राहील तिथं पाटीही जाते.

मालकांचं निदान ठरलेलं आहे: मागचं सील गेलं. म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी कडी. पारावर विचारलंत तरी हेच उत्तर मिळेल. मात्र हे निदान महागडं आहे. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हौजिंग एकमेकांना बोल्टांनी आवळलेलं, तोच याचा कणा. मागच्या सीलपर्यंत हात पोचवायचा, तर हा कणाच मधोमध सोडवावा लागतो. गॅरेजमध्ये त्याला सरळ ‘ट्रॅक्टर तोडायचा’ म्हणतात.

(जुन्या इंजिनाची जवळून दृश्यं.)

३५ तयार व्हायचा इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला. सुरुवातीच्या डिझेल मॉडेलमध्ये स्टँडर्ड मोटर कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, आणि थंडीत ते चालू करताना माणसाचा घाम निघायचा. १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसननं पीटरबरोची पर्किन्स कंपनी विकत घेतली. त्या वर्षाच्या अखेरीस ३५ मध्ये पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं, ए३-१५२. यातला १५२ म्हणजे घन इंच. आपल्या हिशेबात साधारण अडीच लिटर. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, मद्रासला ट्रॅक्टर बनवणारी टॅफे कंपनी सुरू झाली. त्याच उद्योगसमूहातली सिम्प्सन पर्किन्सच्या परवान्यानं इंजिनं बनवत होती. म्हणून आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना हे इंजिन परकं वाटत नाही. भावकीतलंच ते.

(मिस्त्री ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारतात.)

मिस्त्री आले, खाली वाकले, आणि पान्याऐवजी ब्रश मागितला.

“दादा, आधी धुऊन तर घेऊ.”

मालकांचा चेहरा जरा उतरला. पण या कामाचा निम्मा जीव धुण्यातच आहे. वर्षानुवर्षांच्या तेलावर धूळ बसून इंजिनावर काळं लिंपण चढलेलं असतं. त्यात ताजी धार कुठली आणि जुना चिकटा कुठला, ते कळणार कसं? शिवाय तेल दोनच दिशा ओळखतं. वजनानं खाली येतं, आणि पुढच्या पंख्याच्या वाऱ्यानं मागं सरकतं. थेंब पडतो तिथंच गळती असेल, असं अजिबात नाही. शोधायचं ते सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण.

डिझेल आणि ब्रशनं दोन तास घासणं झालं. फडक्यानं कोरडं केलं. मग मिस्त्रींनी पिशवीतून काढली कॅरमची पावडर. जोडाजोडांवर, सीलच्या कडांवर हलक्या हातानं भुरभुरली. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. मग बंद करून बॅटरी मारली.

(पांढऱ्या पावडरीवरून उतरणारी काळी रेघ. जवळून.)

ही बघा. इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यातून निघालीय. हेडच्या पाठीवरून उतरत उतरत बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर येतेय. खालून बघणाऱ्याला हे मागचं सीलच वाटणार.

कव्हर उघडलं तर कॉर्कचं पॅकिंग चिरडून बाहेर आलेलं. गळतंय म्हटलं की आपण आणखी आवळतो. आवळलं की कॉर्क दबतो, कव्हरची कड वाकते आणि गळती वाढते. मग आणखी आवळतो. पाना हातात असला की माणसाला धीर म्हणून धरवत नाही.

कव्हरची कड सपाट करून घेतली, नवं पॅकिंग बसवलं. पण मिस्त्रींचं समाधान नव्हतं. कॉर्क खराब झाला हे खरं, पण तेलाला आतून ढकलतंय कोण? त्यांनी ब्रीदरच्या नळीत तार घातली. तार आत जाईना. जोर केला तर खळ्ळकन माती पडली. कुंभारमाशीनं नळीत घर केलं होतं.

पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. जुन्या इंजिनात जरा जास्त. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. ती बुजली की दाब वाढतो आणि जो सांधा कच्चा, तिथून तेल बाहेर येतं. अशा इंजिनात दहा नवी सील घाला, दहाही गळतील. नळी मोकळी केल्यावर इंजिन हळू चालवून तेल भरायचं झाकण उघडलं. धुराचा फुगा भकाभका आला असता तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजल्याची गोष्ट होती. इथं किरकोळ वाफ, बस्स.

जाता जाता ऑइलची पट्टीही पाहिली. पातळी खाली गेली तर गळती. पण वर चढली आणि पट्टीला डिझेलचा वास आला, तर जास्त घाबरायचं. फीड पंपाचा पडदा किंवा डिझेल पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की डिझेल आत उतरतं, ऑइल पातळ करतं आणि बेअरिंगं खातं. बाहेर मात्र एक थेंब दिसत नाही. इथं तसं काही नव्हतं.

(दुसरा दिवस. पाटीत थेंब. आता कमी.)

थेंब कमी झाला, थांबला नाही.

क्लच हौजिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात एक स्प्लिट पिन लोंबते. ती लोंबकळत, हलत राहते, म्हणून भोक चिखलानं बुजत नाही. आता थेंब तिच्या टोकाला होता. मिस्त्रींनी तो बोटावर घेतला, चोळला, हुंगला. काळा, पातळ. गिअरचं ऑइल असतं तर जाड लागलं असतं, वास उग्र आला असता. हे इंजिनाचंच. म्हणजे मागचं सीलही गेलं होतं.

मालक काही बोलले नाहीत. पण चहा त्यांनी स्वतः आणून दिला.

(जॅक, लाकडी ठोकळे. ट्रॅक्टर दोन भागांत.)

पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर डुलतो. म्हणून आधी त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या, नाहीतर सुटलेलं इंजिन कुशीवर लवंडेल. मग बोल्ट निघाले, पुढचा भाग पुढं सरकला. क्लच उतरला, फ्लायव्हील उतरलं. आणि समोर आलं ते सील: रबरी नव्हे, दोरीचं.

दोन अर्धगोल कवच, प्रत्येकाच्या खाचेत दोरीचा तुकडा, मधून फिरणारा इंजिनाचा दांडा, क्रँक. क्रँकवर एक बारीक आट्यांची खाच असते, अगदी उथळ. ती तेलाला फिरता फिरता आत लोटते. म्हणजे दोरी अडवते आणि क्रँक परत पाठवतो. जुन्या दोरीत ॲस्बेस्टॉस असायचं. त्यामुळं ती कोरडी खरवडायची नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मारायचीच नाही. मिस्त्रींनी ती ओली करून उचलली आणि पिशवीत बांधली.

नवी दोरी बसवताना घाई करणाऱ्याचं काम नाही. आधी दोन्ही टोकं, इंचभर, खाचेत दाबायची. टोक कवचाच्या कडेच्या पाव ते अर्धा मिलिमीटर बाहेर राहायला हवं. मग मधली दोरी अंगठ्यानं, मध्यापासून कडेला. टोकं आधीच धरलेली, त्यामुळं मधली दोरी आतल्या आत घट्ट बसते. गोल दांडा फिरवून ती बसवायची, ग्रॅफाइट ग्रीसचा हात द्यायचा. बाहेर आलेली टोकं ब्लेडनं सफाईत कापली की मात्र पुन्हा पहिल्यापासून, कारण दोन कवचं जुळली की तीच टोकं एकमेकांत दाबली जाऊन फट बुजवतात.

(रात्र. दोन्ही भाग पुन्हा जुळले आहेत.)

पाटी काढून तिथं कोरा पुठ्ठा टाकला. पहिला दिवस कोरा. दुसरा दिवस कोरा.

तिसऱ्या सकाळी पुढच्या बाजूला एक ओला डाग. मिस्त्रींनी बोट लावलं, हुंगलं. तेल नव्हतं, पाणी होतं. वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून आलेलं. पंपाचं सील गेल्याची खबर देण्यासाठीच ते भोक असतं. मालक एम-सील घेऊन आले होते. मिस्त्रींनी ते खिशात टाकलं आणि तेरा नंबरचा पाना मागितला.